प्रॉव्हिडन्सचं रॉजर विल्यम्स मेमोरियल आणि फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च: अर्धा दिवस तरी ठेवा

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात (प्रॉव्हिडन्स ही त्याची राजधानी) पहिल्यांदा गेलो होतो ते एका बस टूरबरोबर (कंपनीचं नाव लिहीत नाही), त्यांनी चर्चसमोर दहा मिनिटं बस थांबवली, शिखर १८५ फूट, १७७५ ची इमारत, फोटो काढा चला बसा. एवढंच! ही जागा कशासाठी आहे तेच सांगितलं नाही. ते डोक्यात राहिलं होतं म्हणून यावेळी बोस्टनहून ट्रेन पकडली आणि स्वतःच्या पायांनी फिरलो.

आधी मेमोरियलला जा. स्टेशनवरून चालत जाता येतं, तिकीट नाही, साडेचार एकरांची बाग आणि छोटंसं व्हिजिटर सेंटर. बघायला तसं फार नाही, लॉन आणि झाडं, पण जिथे झरा होता ती जागा दाखवलेली आहे आणि त्या झऱ्यापाशी १६३६ मध्ये हे गाव वसलं. रॉजर विल्यम्स शेजारच्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत म्हणत होता की माणसाने देवाची भक्ती कशी करायची यावरून शिक्षा करायचा हक्क सरकारला नाही, म्हणून १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली, इंग्लंडला परत पाठवायच्या आत ऐन थंडीत बर्फातून निघाला, नॅरागॅन्सेट या इथल्या मूळ रहिवाशांच्या प्रमुखांकडून इथे जमीन मिळवली. गावकऱ्यांचा जो करार झाला त्यात पंचायतीचे निर्णय पाळायचे, पण फक्त ऐहिक बाबतीत असं स्पष्ट लिहिलंय. मला विचाराल तर ‘फक्त’ हा एक शब्दच सगळा बॅप्टिस्ट (हा ख्रिस्ती धर्मातला एक प्रोटेस्टंट पंथ) विचार आहे.

तिथून त्याच रस्त्याने थोडं चाललं की चर्च. मंडळी (म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्यांचा समूह) १६३८ ची, अमेरिकेतली पहिली बॅप्टिस्ट मंडळी. विल्यम्स स्वतः काही महिनेच बॅप्टिस्ट राहिला, मग तिथूनही बाहेर पडला, आणि मंडळी ही गोष्ट लपवत नाही हे मला फार आवडलं. आतून लाकडी, साधं, उजेड भरपूर, १७९२ चं काचेचं मोठं झुंबर आहे. घंटेची गोष्ट नक्की विचारा. मूळ घंटेवर कोरलेलं होतं की हे गाव विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी वसलं आणि इथे जबरदस्ती नाही, समजूत घालणं चालतं. चर्चच्या घंटेवर हे वाक्य!

बऱ्याच जणांना वाटतं की चर्च आणि सरकार वेगळं ठेवायचं हे धर्म नकोसा झालेल्या लोकांचं काम, तर तसं नाहीये. विल्यम्सने १६४४ मध्येच चर्च म्हणजे बाग आणि बाहेरचं जग म्हणजे रान, मधे भिंत हवी असं लिहिलं होतं, म्हणजे भिंत बागेच्या काळजीपोटी. त्याच्याही आधी १६१२ मध्ये लंडनच्या थॉमस हेल्विस या बॅप्टिस्टाने इंग्लंडच्या राजाला कळवलं की तूही मर्त्य माणूसच, आमच्या आत्म्यावर तुझा अधिकार नाही, आणि हेच मुसलमानांना, ज्यूंना, पाखंडी ठरवलेल्यांनाही लागू आहे. न्यूगेटच्या तुरुंगात गेला तो. स्वतःसाठी सवलत सगळेच मागतात हो, आपल्याला न पटणाऱ्यासाठी मागणं अवघड. १६५१ मध्ये बोस्टनमध्ये ओबडाया होम्सला बॅप्टिस्ट उपासनेपायी तीस फटके मारले, दंड भरून सुटता आलं असतं, दुसरे भरायलाही तयार होते, त्याने भरू दिला नाही. हे वाचून मी थोडा वेळ बाकावर बसूनच राहिलो.

आणि तेव्हाचा अमेरिकेचा अध्यक्ष जेफरसन याचं चर्च आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीबद्दलचं ते प्रसिद्ध पत्र, १ जानेवारी १८०२ चं, ते कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना दिलेलं उत्तर आहे. तिथे तेव्हा सरकारमान्य चर्च दुसरंच होतं आणि यांचं म्हणणं होतं की आमचं स्वातंत्र्य म्हणजे सरकारने केलेली मेहेरबानी वाटते, हक्क वाटत नाही. हे मला आधी माहीत असतं तर ते पत्र मी वेगळ्या नजरेने वाचलं असतं.

वेळ असेल तर वर टेकडीवर प्रॉस्पेक्ट टेरेसला जा, विल्यम्सचा पुतळा आहे आणि समोर स्टेट हाउसचा (राज्याच्या विधानभवनाचा) घुमट दिसतो. त्या इमारतीवर १६६३ च्या सनदेतले धर्मस्वातंत्र्याचे शब्द कोरलेत, ती सनद जॉन क्लार्क या बॅप्टिस्ट पाळकाने दुसऱ्या चार्ल्स राजाकडून मिळवली होती, त्यामुळे तेही जवळून बघून या.

चर्च आतून कधी बघता येतं ते निघण्याआधी विचारून घ्या, शेवटी ती चालू मंडळी आहे, उपासना असते. चालायला आरामदायक बूट घाला, टेकडीचा चढ आहे. माझ्याकडून दोन्ही जागांना पाचपैकी पाच, त्या बस टूरला दोन.