पेगल काउब: आठ महिने रोज नदीचं पाणी बघतोय, त्याचा अनुभव

मे २०२२ पासून रोज सकाळी चहाबरोबर ऱ्हाइन नदीची पातळी बघतो. वेड लागलंय असं बायको म्हणते. कारण एवढंच की आईबाबा नाशिकहून येणार होते आणि त्यांच्यासाठी ऑगस्टमधली बाझल ते अॅम्स्टरडॅम क्रूझ बुक केलेली, सात रात्री, पैसे आधीच भरलेले. कंपनीचं नाव घेत नाही कारण त्या आठवड्यात सगळ्यांचीच थोडीफार तीच अवस्था होती.

आधी साइटबद्दल. पेगलऑनलाइन (पेगल म्हणजे नदीची पातळी मोजायची पट्टी) आणि एल्विस (गायक नाही, जर्मन जलमार्ग खात्याची साइट), दोन्ही फुकट. पहिलीवर दर पंधरा मिनिटांनी आकडा बदलतो, दुसरीवर पुढच्या काही दिवसांचा अंदाज पण असतो. दिसायला अगदी सरकारी, पण ग्राफ बघायला जर्मन यायची गरज नाही. बघायचं ठिकाण एकच, काउब. माइन्झ आणि कोब्लेंझच्या मधे नदी डोंगरांच्या घळीतून जाते, तळाला खडक, आणि जहाजांसाठी सगळ्यात उथळ जागा तिथेच. बाकी कितीही पाणी असू दे, काउबला अडलं की अडलं.

आता जी चूक मी दोन महिने केली ती. काउबला आकडा ६० दिसला की मला वाटायचं नदीत साठ सेंटिमीटर पाणी आहे, यात जहाज काय कागदी होडी पण चालणार नाही. तसं नसतं. तो आकडा म्हणजे पट्टीवरचं रीडिंग, खोली नाही. ७८ असेल तेव्हा जहाजांच्या वाटेत साधारण १.९० मीटर खोली असते, म्हणजे आकड्यात ११२ सेंटिमीटर मिळवायचे. बाबांना हे फोनवर समजावून सांगत होतो तर ते म्हणाले, अरे आपल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसारखंच की, तिच्या छातीला पाणी म्हटलं की गोदावरी किती ते आम्हाला कळतं, कोणी खोली मोजत बसतं का. मला साइट वाचून जे कळत नव्हतं ते यांना दोन मिनिटांत कळलं.

जुलैत आईबाबा तिकडे गोदावरीचा पूर बघून इकडे आले तर इथे गवत पिवळं पडलेलं आणि काउब खाली खाली चाललेला. ऑगस्टच्या मध्याला ३०-३२ च्या आसपास गेला. (२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये २५ झाला होता, म्हणजे याहून वाईट पण झालंय.) हिशोब करा, वाटेत जेमतेम १.४२ ते १.४४ मीटर पाणी, आणि १३५ मीटर लांबीच्या हॉटेल जहाजाला साधारण दीड मीटर किंवा जास्तच लागतं. मालवाहू बार्ज निम्म्याहून कमी माल भरून हलका होऊन जातो, क्रूझवाले काय करणार, खोल्या काढून ठेवणार?

कंपनीचा मेल आला निघायच्या दोन दिवस आधी, त्यात नुसतं "मार्गात किरकोळ बदल होऊ शकतो". मला तोपर्यंत ग्राफवरून माहीत होतं की बदल किरकोळ नसणार.

पहिले तीन दिवस मस्त गेले बरं का, ब्रायझाख, स्ट्रासबुर्ग, काही अडचण नाही, कारण बाझलपासून इफेट्सहाइमपर्यंत नदीवर बंधारे आणि लॉक (जहाज वर-खाली करायचे दरवाजे) आहेत, पाणी अडवून धरलेलं असतं. त्याच्या खाली जर्मनीत एकही बंधारा नाही, नदी देईल ते पाणी. मग मानहाइमला सकाळी सातच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवा, बसमध्ये बसा, आणि कोलोनला त्याच कंपनीचं दुसरं जहाज. खोलीचा नंबर तोच, पडदे तेच, भिंतीवरचं चित्र पण तेच, आईला वाटलं आपण गोल फिरून परत आलो. हे काम मात्र त्यांनी चोख केलं, एक बॅग इकडची तिकडे झाली नाही.

पण बस गेली हायवेने, ६१ नंबरच्या. तो नदीपासून लांब, वर पठारावरून जातो. म्हणजे लोरेलायचा प्रसिद्ध कडा, किल्ले, द्राक्षांचे मळे, ज्यासाठी ही क्रूझ घ्यायची तेच सगळं गायब आणि तीन तास ट्रक बघत बसा. राग आला तो याचा. पाणी नाही ही कंपनीची चूक नाही, पण बस नदीकाठच्या रस्त्याने न्यायला काय झालं होतं?

भरपाई म्हणून पुढच्या बुकिंगवर कूपन दिलं. भारतातून काढलेल्या इन्शुरन्सने हात वर केले कारण ट्रिप रद्द झाली नव्हती, "बदलली" होती. बुक करताना अटींमधे नदीच्या पातळीचा परिच्छेद असतो तो वाचा, मी वाचला नव्हता.

शेवटी परत आल्यावर आईबाबांना नऊ युरोच्या तिकिटावर (महिनाभर देशभरच्या लोकलना चालायचं, २०२२ च्या ऑगस्टअखेरपर्यंतच होतं) फ्रँकफर्टहून लोकलने काउबला घेऊन गेलो. काउबपर्यंतची घळ खिडकीतून दिसली. समोर नदीच्या मधोमध तो फाल्झग्राफेनश्टाइन किल्ला, आजूबाजूला एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडलेले. बाबा काठावर उभे राहून बराच वेळ नुसते बघत होते, मग म्हणाले एप्रिलमधे आमचं पण असंच असतं.

परत घेईन का? घेईन, पण ऑगस्ट ते ऑक्टोबर या घळीतून नाही. आल्प्सचं बर्फ वितळून पाणी येतं ते मुख्यतः मे-जूनमधे. नाहीतर मोझेल किंवा माइन, दोन्हींवर बंधाऱ्यांची रांग आहे त्यामुळे उन्हाळ्यात पण जहाज अडकत नाही (पूर आला तर वेगळी गोष्ट). डॅन्यूबवाल्यांनो, तुमच्याकडे पण श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन साधारण सत्तर किलोमीटर मोकळी नदी आहे, बुकिंगआधी तिकडचा आकडा बघा.

पाचपैकी साइटला साडेचार, क्रूझला अडीच, त्यातला एक जेवणाचा. कूपन अजून पडून आहे. मे महिन्यात मोझेलवर कोब्लेंझ ते ट्रियर बघतोय, कोणी गेलं असेल तर सांगा.