जुना कार्बोरेटर: साफ करावा की नवा बसवावा?

प्रवास तोंडावर आलाय आणि जुनी बाइक आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडला की, बंद पडतेय. अशा वेळी कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडून साफ करावा की सरळ नवा बसवावा?

खर्चात साफसफाईच स्वस्त: क्लीनर, गॅस्केट, फार तर फ्लोटची नीडल (आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई). मेहनत मात्र तिथेच जास्त. पायलट जेटचं (कमी आरपीएमला पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या नळीचं) भोक इतकं बारीक असतं की वाळलेल्या पेट्रोलचा पातळ थरही ते बुजवतो, आणि मग चोक ओढल्याशिवाय गाडी चालूच राहत नाही. त्यात तार कधीही घालू नका. भोक मोठं झालं की ते जेट बदलावंच लागतं. क्लीनर आणि हवेचा दाब, एवढंच.

नवा बसवणं सोपं, पण त्यातली जेट आपल्या इंजिनाला जुळली नाहीत तर ट्यूनिंगमध्येच वेळ जातो. निघायच्या आदल्या दिवशी तर नकोच.

टिकाऊपणा झिजेवर ठरतो. स्लाइड (कार्बोरेटरमधली वर-खाली होऊन हवा कमी-जास्त करणारी झडप) खिळखिळी झाली की तिथून जादा हवा शिरते. कितीही धुतलं तरी आयडल स्थिर राहणार नाही.

गाडी बरेच दिवस उभी होती आणि त्रास फक्त कमी आरपीएमला असेल, तर साफ करा. स्लाइड किंवा बॉडी झिजली असेल आणि हाताशी वेळ असेल, तर नवाच घ्या. त्याआधी मॅनिफोल्डचं रबर (कार्बोरेटर इंजिनाला जोडणारं) जरूर तपासा. ते चिरलं असलं तरी लक्षणं अशीच दिसतात.