निर्वाणा बँडचा 'ब्लीच' : स्वतःच्या खिशातून केलेला पहिला अल्बम, आणि तो आजही का ऐकावा

अमेरिकन रॉक बँड निर्वाणाच्या 'ब्लीच'चं नाव निघालं की बहुतेक लोक "अच्छा, तो नेव्हरमाइंडच्या आधीचा" एवढं बोलून (नेव्हरमाइंड म्हणजे त्यांचा १९९१ चा, जगभर गाजलेला अल्बम) पुढे सरकतात आणि मला ते अजिबात पटत नाही. हा अल्बम कशाची तरी तयारी म्हणून केलेला नाहीये. या पोरांना १९८८-८९ च्या हिवाळ्यात जे वाजवायचं होतं ते त्यांनी वाजवलं, त्याचे पैसे स्वतः भरले आणि जे टेपवर आलं तेच बाजारात गेलं. पुढे काय झालं ते सगळं बाजूला ठेवून नुसता हा अल्बम लावा, चांगल्या स्पीकरवर, आणि मग बोलूया.

आधी पैशांचं सांगते, कारण त्याशिवाय याचा साऊंड कळत नाही. रेकॉर्डिंग झालं सिएटलमधल्या रेसिप्रोकल रेकॉर्डिंग नावाच्या छोट्या स्टुडिओत, जॅक एंडिनोकडे. एंडिनो म्हणजे त्या काळात सिएटलमधल्या अर्ध्याअधिक ग्रंज (पंक आणि हेवी मेटल मिसळलेलं खरखरीत रॉक) बँड्सना टेपवर आणणारा माणूस. मशीन आठ ट्रॅकचं, म्हणजे आवाज वेगवेगळे घ्यायला टेपवर आठच पट्ट्या. डिसेंबर १९८८ च्या शेवटच्या आठवड्यात सुरू करून जानेवारी १९८९ मधे संपवलं, सगळे मिळून साधारण ३० तास, आणि बिल झालं ६०६ डॉलर १७ सेंट. हे बिल कंपनीने भरलं नाही. सब पॉप म्हणजे ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन या दोघांची छोटी इंडिपेंडंट कंपनी, तिने रेकॉर्ड छापली आणि विकली, पण स्टुडिओचे पैसे दिले जेसन एव्हरमनने, जो तेव्हा बँडमधे दुसरा गिटारवाला म्हणून आला होता.

आणि एव्हरमनने या अल्बमवर एकही सूर वाजवलेला नाहीये! कव्हरवर तो आहे, गिटारवादक म्हणून नाव आहे, वाजवलेलं मात्र काहीच नाही, बाकीच्यांनी ते नाव आभार म्हणून टाकलं होतं आणि थोड्याच दिवसांत तो बँडमधून बाहेरही पडला. मग तो काही काळ साऊंडगार्डन या सिएटलच्याच बँडमधे बेस वाजवायला गेला आणि त्यानंतर चक्क अमेरिकन लष्कराच्या स्पेशल फोर्सेसमधे. रॉकच्या इतिहासात मोठमोठ्या लोकांबद्दल खूप लिहिलं जातं, पण हा अल्बम ज्याच्या पैशांवर उभा राहिला त्याचं नाव मला प्रत्येक वेळी घ्यावंसं वाटतं.

आता आठ ट्रॅक म्हणजे काय तर ड्रम्सचे माइक, बेस, गिटार आणि आवाज एवढ्यात जागा जवळपास संपते. नेव्हरमाइंडमधे निर्माता बुच व्हिगने गिटारवर गिटार, आवाजावर आवाज असे थर चढवून घेतले, ती चैन इथे नाही, आणि त्यामुळे होतं काय की प्रत्येक वाद्य उघडं पडतं. गिटार एकच आहे आणि ती घाणेरडी आहे (हे कौतुक आहे), डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटवलेला आवाज) असं की सुरांच्या कडा खरवडून निघाल्यासारख्या वाटतात, आणि तिच्या खाली क्रिस्ट नोव्होसेलिकचा बेस खरं तर अर्धी गाणी ओढत असतो. पहिलं गाणं 'ब्ल्यू' सुरूच बेसवर होतं, तारा इतक्या खाली उतरवलेल्या की मोबाइलच्या स्पीकरवर तुम्हाला त्यातलं निम्मं ऐकूच येणार नाही. म्हणून म्हटलं, हेडफोन लावा निदान.

यातल्या जड आणि संथ भागाचा उगम कुठे आहे हे माहीत असलं की मजा वाढते. गाणारा, गिटार वाजवणारा आणि गाणी लिहिणारा कर्ट कोबेन आणि नोव्होसेलिक हे वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅबरडीन गावच्या परिसरातले, लाकूडतोडीवर जगणारं, सतत पावसाचं गाव, आणि तो धंदाही तेव्हा उतरणीला लागलेला. तिथे यांना मेल्विन्स भेटले. ब्लॅक सब्बाथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे रिफ (परत परत येणारे गिटारचे तुकडे) अजून हळू करून वाजवणारा बँड. कोबेन त्यांच्या प्रॅक्टिसला जाऊन बसायचा, त्यांचं सामान उचलायचा. 'ब्लीच'मधे 'पेपर कट्स' आणि 'सिफ्टिंग' ऐका, मेल्विन्सची छाप स्पष्ट आहे, लपवायचा प्रयत्नही नाही.

मेल्विन्सचा ड्रमर डेल क्रोव्हर तर प्रत्यक्षच आहे या अल्बमवर. जानेवारी १९८८ मधे, म्हणजे 'ब्लीच'च्या जवळजवळ वर्षभर आधी, यांनी एंडिनोकडेच एका दिवसात दहा गाण्यांचा डेमो केला होता, तेव्हा ड्रम्सवर क्रोव्हर होता, आणि याच डेमोची टेप एंडिनोने पोनमनला ऐकवली म्हणून पुढचं सगळं घडलं. नंतर चॅड चॅनिंग बँडमधे आला आणि त्याच्याबरोबर ती जुनी गाणी परत रेकॉर्ड करून पाहिली, पण शेवटी 'फ्लॉइड द बार्बर' आणि 'पेपर कट्स' डेमोमधलीच ठेवली. तुम्ही ड्रम्स वाजवत असाल तर हा फरक कान देऊन ऐका. क्रोव्हर प्रत्येक ठोका जमिनीत गाडतो, चॅनिंगचा हात हलका आहे, तो गाण्याला पुढे पळवतो. चॅनिंगला लोक फार पटकन विसरले कारण सप्टेंबर १९९० मधे ड्रम्सवर डेव्ह ग्रोल आला आणि मग सगळे त्याचंच बोलायला लागले, पण 'स्कूल' आणि 'निगेटिव्ह क्रीप'मधे चॅनिंग जे करतो ते नुसतं जोरात बडवणं नाहीये.

'स्कूल'बद्दल थोडं थांबते. या गाण्यात शब्द म्हणजे जेमतेम तीन-चार ओळी. सिएटलच्या संगीतवाल्यांचे गट, कोण कोणाच्या जवळचं, कोण भारी, हे सगळं कोबेनला परत शाळेत गेल्यासारखं वाटत होतं, तर त्याने तेवढंच लिहिलं, आणि कोरसमधे ओरडतो काय तर मधली सुट्टी नाही. बस. एवढ्यावर गाणं उभं आहे कारण रिफ जबरदस्त आहे आणि तो ज्या घशातून ओरडतोय ते खरं वाटतं. गाण्यात अर्थ कमी असला तरी चालेल पण ओरडणं खोटं नको, हे माझं मत आहे आणि या अल्बमने ते पक्कं केलं.

आणि मग 'अबाउट अ गर्ल'. एवढ्या सगळ्या चिखलातून हे गाणं तिसऱ्या नंबरला येतं आणि एकदम खिडकी उघडल्यासारखं होतं. स्वच्छ कॉर्ड्स, गुणगुणता येईल अशी चाल, बीटल्सचा असर उघड दिसतो, गाणं कोबेनच्या तेव्हाच्या मैत्रिणीवर, ट्रेसी मरँडरवर. कव्हरचा तो निगेटिव्हसारखा दिसणारा फोटोही तिनेच काढलाय. १९८९ मधे सिएटलच्या जड गिटारवाल्या गर्दीसमोर असं सरळ पॉप गाणं ठेवायला हिंमत लागते, कारण तिथे तेव्हा गोड चाल म्हणजे जवळजवळ गुन्हाच होता. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९९३ मधे, एमटीव्ही अनप्लग्ड या टीव्ही कार्यक्रमाला (यात बँड अकूस्टिक वाद्यांवर वाजवतात) बसले तेव्हा त्यांनी सुरुवात याच गाण्याने केली. तोवर त्यांच्याकडे दोन मोठे अल्बम आणि जगभर गाजलेली गाणी होती तरी पहिलं हे, यातच काय ते आलं. ज्यांना 'ब्लीच' म्हणजे नुसता गोंगाट वाटतो त्यांनी इथूनच सुरुवात करावी, मग 'ब्ल्यू'ला परत यावं.

'लव्ह बझ' हे यांचं स्वतःचं नाही, शॉकिंग ब्लू या डच बँडचं आहे. नोव्हेंबर १९८८ मधे सब पॉपने यांचं पहिलं सिंगल म्हणून तेच काढलं होतं, हजारएक प्रती, हाताने नंबर टाकलेल्या. त्याची गोल गोल फिरणारी बेसलाइन एकदा डोक्यात बसली की दिवसभर जात नाही. 'फ्लॉइड द बार्बर' मात्र विचित्र आहे, अमेरिकेतल्या एका जुन्या, गोग्गोड टीव्ही मालिकेतलं न्हाव्याचं दुकान घेऊन कोबेनने त्यात भयपट घातलाय. आणि 'पेपर कट्स' त्याहून काळं, मुलांना खोलीत कोंडून ठेवणाऱ्या अ‍ॅबरडीनकडच्या एका घराच्या बातमीवरून आलेलं, मला ते दर वेळी पूर्ण ऐकवत नाही पण अल्बममधून काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही.

आता जे आवडत नाही ते पण सांगायला पाहिजे. रेकॉर्डची दुसरी बाजू पहिलीइतकी भक्कम नाहीये. 'निगेटिव्ह क्रीप'ने जी आग लागते ती 'स्कॉफ'पर्यंत टिकते आणि नंतर हळूहळू गाणी एकमेकांसारखी वाटायला लागतात. 'मिस्टर मुस्टॅश'मधला रिफ वाजवायला मस्त आहे, बोटांची परीक्षा आहे, पण ऐकायला तो पुढे कुठे जात नाही. 'सिफ्टिंग' पाच मिनिटांच्या वर चालतं आणि तीन मिनिटांनंतर मला घड्याळाकडे बघावंसं वाटतं. त्यातल्या त्यात 'स्वॅप मीट' मला जवळचं वाटतं, जुन्या सामानाच्या बाजारात वस्तू विकून जगणाऱ्या जोडप्याचं गाणं, छोट्या गावातलं ते कंटाळवाणं जगणं त्यात बरोबर पकडलंय. शब्दांच्या बाबतीत बाकी अल्बम कच्चा आहे हे मान्य. कोबेन स्वतःच नंतर म्हणाला होता की बरेचसे शब्द रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री लिहिले, आणि ते कळतं, एकच ओळ फिरून फिरून येते. 'इन यूटेरो'चा (त्यांचा १९९३ चा अल्बम) कोबेन इथे अजून झालेला नाही.

पण मला विचाराल तर हा कच्चेपणा आणि तो साऊंड वेगळे काढताच येत नाहीत. वेळ नाही, पैसे नाहीत, ट्रॅक नाहीत, तर मग निर्णय पटापट घ्यावे लागतात, हा टेक ठेवायचा की नाही, इथे दुसरी गिटार हवी की नको, आणि प्रत्येक निर्णय ऐकू येतो. आज पुण्या-मुंबईत कितीतरी पोरं-पोरी घरच्या लॅपटॉपवर अल्बम करतायत, स्वतःच रिलीज करतायत, पन्नास ट्रॅक फुकट मिळतात, आणि बऱ्याचदा ऐकल्यावर वाटतं की अरे यातले चाळीस काढा ना, तुमचा ड्रमर चांगला वाजवतोय, तो ऐकू तर येऊदे. माझ्या ओळखीत ज्यांचा बँड आहे त्या प्रत्येकाला मी 'ब्लीच' ऐकायला लावते, आणि विशेषतः आवाज किती पुढे ठेवलाय आणि ड्रम्सभोवतीची खोली किती ऐकू येते ते बघ म्हणते. तिथे कसली महागडी जादू नाहीये, एक समजूतदार रेकॉर्डिंग करणारा माणूस आहे आणि घटवून आलेला बँड आहे.

खपाचं बोलायचं तर रेकॉर्ड १५ जून १९८९ ला आली, पहिल्या हजार प्रती पांढऱ्या विनाइलवर, आणि नेव्हरमाइंड येईपर्यंत अमेरिकेत ४० हजारांच्या आसपास विकली गेली. छोट्या कंपनीसाठी ते वाईट नव्हतंच. सप्टेंबर १९९१ मधे नेव्हरमाइंड आल्यानंतर मात्र लोक उलटे मागे येऊन ही शोधायला लागले आणि आज ती सब पॉपची सगळ्यात जास्त खपलेली रेकॉर्ड आहे. नावाची गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे: आधी 'टू मेनी ह्यूमन्स' असं ठेवणार होते, मग सॅन फ्रान्सिस्कोमधे एड्सबद्दलचं पोस्टर पाहिलं, ज्यात नशा करणाऱ्यांना सुया ब्लीचने धुवायला सांगितलं होतं, आणि तिथून हे नाव आलं.

आता घ्यायचा कुठला. मूळ एलपीवर ११ गाणी आहेत, साधारण ३७ मिनिटं. नंतरच्या सीडीवर 'बिग चीज' आणि 'डाउनर' जास्तीची आहेत, 'बिग चीज' खरंच चांगलं आहे, 'डाउनर' नसतं तरी चाललं असतं. २००९ मधे वीस वर्षं झाली म्हणून सब पॉपने नवीन आवृत्ती काढली, रीमास्टर केलेली (म्हणजे जुन्या टेपवरून आवाज नव्याने नीट बसवलेली), आणि माझं मत विचाराल तर डोळे मिटून तीच घ्या किंवा स्ट्रीमिंगवर तीच शोधा. रीमास्टर म्हटलं की बऱ्याचदा नुसता आवाज चढवून सगळं सपाट करून ठेवतात, तसं इथे झालेलं नाही, एंडिनो स्वतः त्या कामात होता आणि त्यामुळे खालचा बेस जास्त मोकळा झालाय पण गिटारची घाण तशीच आहे.

शिवाय त्यात ९ फेब्रुवारी १९९० चा पोर्टलंडच्या पाइन स्ट्रीट थिएटरमधला पूर्ण कार्यक्रम आहे, आणि खरं सांगायचं तर त्या एका गोष्टीसाठीसुद्धा पैसे वसूल आहेत. तिघंच जण, एव्हरमन तोवर गेलेला, चॅनिंग ड्रम्सवर, आणि स्टुडिओत जी गाणी थोडी अवघडलेली वाटतात ती इथे सुटून पळतात. 'स्कॉफ' इथलं जास्त चांगलं आहे. 'अबाउट अ गर्ल' इथे जास्त खरखरीत आहे आणि तरी चाल कुठे हरवत नाही. 'डाइव्ह', 'सॅपी' आणि 'बीन अ सन' ही मूळ अल्बमवर नसलेली गाणी पण मिळतात, त्यातलं 'सॅपी' तर कोबेनने पुढे कित्येक वर्षं परत परत रेकॉर्ड करून पाहिलं, त्याचं हे सुरुवातीचं रूप आहे. शेवटी 'ब्ल्यू' वाजवतात, ते सगळ्यात मोठ्या आवाजात लावा, शेजारी काही बोलले तर बोलू देत.