घरबसल्या डिस्पॅचरची नोकरी आणि माझे ३,१५० डॉलर

हे लिहायला चार महिने लागले, लाज वाटत होती म्हणून. पण गेल्या आठवड्यात माझ्याच कोर्सच्या पुढच्या बॅचमधल्या एका मुलीचा मेसेज आला की ताई मला घरून डिस्पॅचरचा (एअरलाइनच्या फ्लाइट आखून सोडणाऱ्याचा) जॉब मिळालाय, आणि तिने पाठवलेलं ऑफर लेटर बघून माझ्या पोटात गोळाच आला. मला ज्यांनी फसवलं त्यांचंच ते लेटर, फक्त नाव बदललेलं. म्हणून लिहितेय.

मी नाशिकची. लग्नाआधी मुंबई एअरपोर्टला ग्राउंड हँडलिंगमध्ये लोड कंट्रोलला होते, म्हणजे ट्रिम शीट (विमानाच्या वजनाचा आणि तोलाचा तक्ता), कुठल्या होल्डमध्ये किती सामान, सीजी म्हणजे गुरुत्वमध्य कुठे येतोय वगैरे. लग्नानंतर टेक्ससला अर्विंगला आले एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोच्या व्हिसावर, तीन वर्षं घरी बसले. मग नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज) अप्रूव्ह झालं, मला काम करायचं कार्ड मिळालं, आणि डॅलसजवळच्याच एका शाळेत डिस्पॅचरचा कोर्स केला. सहा आठवडे. एफएएच्या (अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याच्या) नियमाप्रमाणे किमान २०० तासांचा कोर्स असावा लागतो, तो सहा आठवड्यात कोंबला की रोज डोकं बधिर होतं. लेखी परीक्षा ८० प्रश्न, पास व्हायला ७० टक्के, मला ९१ मिळाले. मग प्रॅक्टिकल, सकाळी नऊला बसले ते संध्याकाळीच सुटले, आधी तोंडी, मग हाताने अख्खा फ्लाइट प्लॅन. परीक्षकाने टेम्पररी सर्टिफिकेटचा कागद हातात दिला, तो १२० दिवस चालतो, प्लास्टिकचं कार्ड नंतर पोस्टाने येतं. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. आई तिकडे अख्ख्या सोसायटीत पेढे वाटून मोकळी, लोकांना सांगितलं की लेक अमेरिकेत विमानं उडवते. आई, उडवत नाही गं, सोडते. म्हणजे हवामान, इंधन, रूट, आल्टरनेट म्हणजे पर्यायी विमानतळ, सगळं बघून रिलीज (फ्लाइट सोडायचा सहीचा कागद) काढायचा, आणि त्या फ्लाइटची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघांची मिळून. पण जाऊदे, पेढे वाटून झाले होते.

नोकरी मात्र काही मिळेना. नव्या सर्टिफिकेटवाल्याला मोठ्या एअरलाइन्स सहसा उभं करत नाहीत, आधी रीजनलला, म्हणजे छोट्या मार्गांवरच्या एअरलाइनला, दोनतीन वर्षं काढा म्हणतात. आणि रीजनलची ऑफिसं कुठे, तर स्कायवेस्टचं युटामधल्या सेंट जॉर्जला, पीडमाँटचं मेरीलँडमधल्या सॉल्सबरीला. मला चार वर्षांची मुलगी, नवऱ्याचा जॉब डॅलसला. मी ३१ अर्ज केले, बहुतेकांचं उत्तरच नाही. दोन ठिकाणी विचारलं शहर बदलणार का, मी म्हटलं विचार करते, तिथेच विषय संपला. हे मुद्दाम सांगतेय कारण मला नक्की काय हवं होतं ते त्या लोकांना जणू आधीच माहीत होतं.

मार्चच्या शेवटी मेल आला. एका छोट्या पण खऱ्या एअरलाइनचं नाव, त्यांचाच लोगो (त्या बिचाऱ्यांचा यात काही संबंध नाही, नाव मी लिहिणार नाही). विषय होता फ्लाइट डिस्पॅचर, एंट्री लेव्हल, रिमोट. माझं पूर्ण नाव, पत्ता, आणि मला नुकतंच सर्टिफिकेट मिळालंय हे सगळं त्यात होतं, म्हणून मला वाटलं शाळेनेच नाव दिलं असणार. खरं काय ते नंतर कळलं. एफएएची सर्टिफिकेटवाल्यांची यादी कोणालाही बघता येते, आणि आपण स्वतःहून लपवायला सांगितलं नाही तर त्यात आपला पत्तासुद्धा दिसतो. फक्त पायलटचा नाही, आपलाही. नवीन पास झालेल्यांनी आधी तो लपवून घ्या, फुकट आहे, मी नंतर केलं.

इंटरव्ह्यू झाला चॅटवर. फोन नाही, व्हिडिओ नाही, एका मेसेजिंग ॲपवर ५० मिनिटं टाइप करत होते. तुमची बलस्थानं काय, दबावाखाली काम कसं करता, एव्हिएशनच का, असले प्रश्न. तांत्रिक एकच, नोटाम (वैमानिकांसाठीच्या सूचना) म्हणजे काय. मी तीन पॅरेग्राफ लिहिले, समोरून आलं, एक्सलंट.

आता बघा, ज्याने हा कोर्स केलाय त्याला इथेच कळायला हवं होतं. खऱ्या इंटरव्ह्यूत ते तुमच्यासमोर एक टॅफ (विमानतळाचा हवामान अंदाज) ठेवतात आणि विचारतात आल्टरनेट लागेल का. पोचायच्या वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत सीलिंग (ढगांची उंची) २,००० फुटाच्या किंवा व्हिजिबिलिटी ३ मैलांच्या खाली जाणार असेल तर लागतो, आम्ही त्याला वन-टू-थ्री म्हणतो, झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे. मग एक्झम्प्शन ३५८५ (हवामान अंदाजाच्या अटींमधली एक सूट) विचारतात, एमईएल (विमानातलं काय बंद असलं तरी उडता येतं त्याची यादी) विचारतात. मला यातलं काहीच विचारलं नाही आणि मला काय वाटलं असेल? हायसं वाटलं! घोकून ठेवलेलं सगळं वाया गेलं याचं जरासं वाईटसुद्धा वाटलं, इतकी मी येडी.

दुसऱ्या दिवशी ऑफर. तासाला ३६ डॉलर, घरून काम, ट्रेनिंग दोन दिवस ऑनलाइन. मला माहीत होतं की रीजनलला सुरुवात तासाला वीस-बावीसच्या आसपास होते. मला हेही माहीत होतं की एअरलाइन आधी कित्येक आठवडे क्लासमध्ये बसवते, मग दुसऱ्या डिस्पॅचरच्या शेजारी डेस्कवर, मग कॉम्पिटन्सी चेक, तो पास झाल्याशिवाय एका रिलीजवर सही करता येत नाही. हे मी महिन्यापूर्वी परीक्षकाच्या डोळ्यात डोळे घालून सांगितलं होतं. आणि घरून? युनायटेडचं ऑपरेशन्स सेंटर शिकागोच्या विलिस टॉवरमध्ये आहे, डिस्पॅचर तिथे जाऊन बसतात, स्वतःच्या किचनमध्ये नाही बसत. २०२४ च्या एफएएच्या कायद्यात तर एअरलाइनचं डिस्पॅच ठरलेल्या सेंटरबाहेरून करायला आणीबाणीसारखे अपवाद सोडून बंदीच घातलीय. मी मनात म्हटलं छोटी कंपनी आहे, चार्टरचं काम असेल, त्यांना फ्लाइट फॉलोअर (फ्लाइटवर फक्त नजर ठेवणारा) चालतो, सर्टिफाइड डिस्पॅचर कायद्याने लागत नाही. म्हणजे त्यांची बाजू त्यांच्यापेक्षा मीच चांगली मांडत होते.

पहिले पैसे १८५ डॉलर. दहा वर्षांचा बॅकग्राउंड चेक आणि ड्रग टेस्टची फी, पहिल्या पगारात परत. झेलवर (बँकेतून लगेच पैसे पाठवायची सोय) पाठवले. ड्रग टेस्ट असते हे खरंच आहे, डिस्पॅचरचं काम सेफ्टी सेन्सिटिव्ह धरतात त्यामुळे जॉइन व्हायच्या आधी करावीच लागते, पण ती कंपनी करून घेते, कंपनीच्या खर्चाने. अर्धं खरं होतं म्हणून गिळलं गेलं. त्याच फॉर्ममध्ये सोशल सिक्युरिटी नंबर, सर्टिफिकेटचा फोटो, सगळं दिलं.

मग आला चेक, ३,८५० डॉलरचा, कुरियरने, जाड कागदाचा, वॉटरमार्कवाला. सांगितलं की फोनवरून जमा करा, त्यातले २,९६५ आमच्या व्हेंडरला पाठवा, तो लॅपटॉप, तीन मॉनिटर आणि फ्लाइट प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर पाठवेल, उरलेले ८८५ तुमचा पहिल्या आठवड्याचा भत्ता. मी जमा केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खात्यात पैसे दिसले. नवरा म्हणाला, अगं पण क्लिअर झालाय का तो खरंच? मी ॲप उघडून त्याच्या तोंडासमोर धरलं, हे बघ, अव्हेलेबल बॅलन्स. त्यानेही मान डोलावली, आणि तो आयटीवाला आहे हां.

इथेच खरी मेख आहे. बँकेला चेकचे पैसे एकदोन दिवसात वापरायला द्यावे लागतात, तसा नियमच आहे. पण याचा अर्थ चेक खरा निघाला असा होत नाही. ज्या बँकेचा चेक आहे तिच्याकडून तो परत यायला आठवडा लागू शकतो, कधी जास्त. तोपर्यंत तुम्ही जे खर्च करता ते तुमचे स्वतःचे पैसे असतात. आपल्याकडे इंडियात चेक पास झाल्यावरच पैसे दिसायचे, म्हणून ते डोक्यात तसंच बसलेलं.

व्हेंडरला दोन हप्त्यात पाठवले. सहाव्या दिवशी, मंगळवार होता, मुलीला डेकेअरला सोडून आले तर बँकेचा मेसेज, खातं मायनसमध्ये. चेक परत. ३,८५० वजा, वर दंड वेगळा. आणि त्याच वेळी तिकडच्या एचआर बाईचा मेसेज की सॉफ्टवेअर लायसन्सचे अजून १,२०० पाठवा म्हणजे सोमवारी ट्रेनिंग सुरू. मी तेव्हा कुठे त्या एअरलाइनच्या खऱ्या वेबसाइटवरून नंबर काढून फोन लावला. रिसेप्शनवरची बाई अगदी थकलेल्या आवाजात म्हणाली की या महिन्यातल्या तुम्ही तिसऱ्या. मेलचा पत्ता मग नीट बघितला, कंपनीच्या नावापुढे एक डॅश आणि करिअर्स जोडलेलं होतं. रिलीज काढताना मी वाऱ्याचा आकडा दोनदा तपासते आणि हा पत्ता एकदाही वाचला नव्हता.

बँक म्हणाली पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत. भांडले, वर तक्रार केली, काही झालं नाही. एफबीआयच्या आयसीथ्रीवर (सायबर गुन्ह्यांचं तक्रार केंद्र) आणि एफटीसीकडे (ग्राहकांच्या तक्रारी घेणारं सरकारी खातं) तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पुढे शांतता. कामाची गोष्ट एकच झाली, क्रेडिट फ्रीझ, म्हणजे आपल्या नावावर कोणाला नवं कर्ज किंवा कार्ड काढता येऊ नये म्हणून क्रेडिटची नोंद बंद करणं. इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे वेगवेगळं करावं लागतं, पैसे लागत नाहीत, अर्ध्या तासाचं काम. तीन आठवड्यांनी कोणीतरी माझ्या नावावर कार्ड काढायचा प्रयत्न केलेला, फ्रीझमुळे अडला. सोशल नंबर दिला असेल तर आधी हे करा, रडणं नंतर.

अजून एक, इंडियातून विचारणाऱ्यांसाठी. पुण्याचा एक मुलगा विचारत होता की एजंट म्हणतोय एफएए डिस्पॅचरचा कोर्स केला की अमेरिकेत नोकरी पक्की. अरे बाबा, सर्टिफिकेट म्हणजे व्हिसा नाही, इथे काम करायची परवानगी वेगळी लागते, ती कुठलीही शाळा देत नाही. तिकडे इंडियात डीजीसीएचं (तिथल्या विमानवाहतूक खात्याचं) अप्रूव्हल लागतं, हा कागद दाखवून डेस्कवर बसता येत नाही. आणि तू २१ चा आहेस, लेखी देता येईल पण सर्टिफिकेट २३ शिवाय मिळतच नाही. एजंटने हे सांगितलं का? नाही. मग त्याने काय सांगितलं ते तूच समज.

मागच्या महिन्यात एका रीजनलचा इंटरव्ह्यू झाला, त्यांच्या ऑफिसात, विमानाचं तिकीट त्यांनीच पाठवलं. आत गेल्या गेल्या समोर टॅफ ठेवला आणि एकाने विचारलं, आल्टरनेट? नंतर ३५८५ वर अडकले, मग सुटले. निवड झाली, गाव लांब आहे, सहा महिने मुलगी आणि नवरा इथे आणि मी तिथे असं ठरलंय, सासूबाई येतायत. पगार तासाला २१ डॉलर. ड्रग टेस्टची वेळ ठरवायला त्यांच्या एचआरचा फोन आला तेव्हा मी आधीच विचारलं, फी किती आणि कुठे भरायची. ती दोन सेकंद गप्पच झाली. मग म्हणाली, फी कसली, फक्त आयडी आणा आणि येताना पाणी पिऊन या.

पेढे वाटणाऱ्या आईला यातलं काही अजून सांगितलेलं नाही.