झाडांपासून केलेले जलरंग : निळ्यासाठी घ्या, पिवळ्यासाठी नको

सहा वड्यांचा संच आहे. बनवणारे स्वतःच्या बागेत वाढवलेल्या झाडांपासूनच रंग काढतात आणि कुठल्या वडीत काय आहे ते मागे स्पष्ट लिहितात. हे मला फार आवडलं.

नीळ अप्रतिम! ओला कुंचला टेकवला की लगेच सुटते, पातळ केली तरी मलूल दिसत नाही, आणि खरखरीत कागदाच्या खळग्यांत बारीक कण बसून छान दाणेदार पोत येतो. मंजिष्ठेचा लाल जरा विटकरीकडे झुकतो, पण पारदर्शक थर एकावर एक चढवायला झकास. मुळांच्या काढ्यात तुरटी आणि मग धुण्याचा सोडा घालून रंगाचा साका खाली बसवतात. तो धुऊन, वाळवून, बाभळीच्या डिंकात घोटतात. घोटाई इथे मनापासून झालीय, बोटाला कचकच लागत नाही.

हळदीच्या पिवळ्याबद्दल मात्र तक्रार आहे. एक पट्टा रंगवला, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला आणि कागद उन्हाच्या खिडकीत ठेवला. उघडा भाग बघता बघता फिका पडला. हळदीचा हा स्वभावच, पण मग डबीवर ‘टिकाऊ’ कशाला छापायचं? गोकर्णाचा निळा-जांभळाही लहरी : आम्लाचा थेंब लागला की गुलाबीकडे, सोड्याने हिरवट. वहीत मजा येते, विकायच्या चित्रात नको.

वड्यांत मध असल्याने दमट हवेत चिकटतात. वापरून झाल्यावर पूर्ण वाळू द्या, मगच झाकण लावा. नाहीतर बुरशी धरलीच म्हणून समजा.