वितरणाच्या धंद्यात अँड्रॉइडवर किती विसंबावे?

साताऱ्यात आमचे बिस्किटे, साबण आणि चहापूड यांच्या वितरणाचे काम आहे. सात सेल्समन रोज सकाळी आपापल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या दुकानांच्या फेरीवर, निघतात, दुकानदारांकडून ऑर्डर घेतात, मागची उधारी वसूल करतात, आणि त्या ऑर्डरींवरून रात्री गोदामात दुसऱ्या दिवशीच्या गाड्या भरल्या जातात. तीन वर्षांपूर्वीपर्यंत हे सगळे कार्बन लावलेल्या पुस्तकांवर चालत असे. त्यानंतर सातही जणांच्या हाती ऑर्डरी नोंदवण्याचे अॅप असलेला अँड्रॉइड फोन आणि कमरेला दोन इंची पावतीचा ब्लूटूथ प्रिंटर आला. ओळखीचे व्यापारी आता विचारतात की, धंद्याचा सगळा भार या फोनवर टाकावा का. माझे उत्तर होकाराचे आहे. मात्र फोन घेताना आणि तो सेल्समनच्या हाती देताना ज्या चुका आम्ही केल्या, त्या टाळल्या नाहीत तर हा होकार फार दिवस टिकणार नाही.

सर्वांत महागात पडलेली चूक पहिल्याच पावसाळ्यातली. मेढ्याच्या बीटवरचा सेल्समन मेढ्यातच राहतो, त्यामुळे तो संध्याकाळी गोदामात न येता परस्पर घरी जातो आणि ऑर्डरी फोनवरून येतात. त्या दिवशी त्याने 23 दुकाने केली होती. आमच्या संगणकावर मात्र नऊच दुकानांच्या ऑर्डरी दिसत होत्या. पावसामुळे बाकीची दुकाने राहिली असतील असे समजून आम्ही नऊ दुकानांचा माल भरला आणि गाडी पाठवून दिली. सकाळी दुकानदारांचे फोन सुरू झाले. सेल्समनने अॅप उघडले तेव्हा चौदा ऑर्डरी प्रत्येकीसमोर घड्याळाचे बारीक चिन्ह घेऊन तशाच पडून होत्या, आणि अॅप उघडताच मिनिटभरात त्या आमच्याकडे पोहोचल्यादेखील.

घडले होते ते असे: केळघरच्या बाजूला रेंज नसल्यामुळे अॅपने ऑर्डरी फोनमध्येच साठवून ठेवल्या, आणि रेंज परत आली तेव्हा फोन बंद पडद्यासह खिशात होता. अँड्रॉइडमध्ये 2015 सालच्या सहाव्या आवृत्तीपासून ‘डोझ’ नावाची सोय आहे. फोन काही काळ न हाताळता पडून राहिला की, मागे चालणाऱ्या अॅपना इंटरनेट सतत न देता ते अधूनमधून, ठरावीक अंतराने दिले जाते. एवढ्याने आमचे काम अडले नसते, कारण थोड्या उशिराने का होईना, ऑर्डरी गेल्या असत्या. परंतु अनेक कंपन्या याच्यावर बॅटरी वाचवण्याची स्वतःची यंत्रणा बसवतात, आणि ती अॅपला थांबायला न सांगता पुरते बंदच करून टाकते; मग कोणीतरी हाताने उघडेपर्यंत ते उठत नाही. ज्या कंपनीचा हा फोन होता तिचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण कमीअधिक प्रमाणात हा उद्योग बऱ्याच जणांचा आहे. उपाय साधा आहे: अॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये मर्यादा काढून टाकावी आणि ‘ऑटोस्टार्ट’ (अॅपला आपोआप सुरू होऊ देणारी सोय) असेल तर ते चालू करावे. एका मॉडेलवर मात्र मोठे अपडेट आल्यानंतर हे सेटिंग गुपचूप पूर्वपदावर गेले, म्हणून आता प्रत्येक अपडेटनंतर सातही फोन एकदा हातात घेऊन पाहण्याचे काम मी स्वतः करतो.

मूळ प्रणालीबद्दल माझी तक्रार थोडी आहे. तीन वर्षांत फोन आपोआप बंद पडला किंवा साठवलेली नोंद नाहीशी झाली, असे एकदाही झाले नाही. तरीही प्रणालीच्या बाजूनेच घात होऊ शकतो, याचे उदाहरण मार्च 2021 मध्ये जगभर दिसले होते. ‘वेबव्ह्यू’ या, अॅपच्या आत वेबपाने दाखवणाऱ्या घटकातील बिघाडामुळे जीमेलसह असंख्य अॅप उघडताक्षणी बंद पडू लागली, आणि गूगलने दुरुस्त आवृत्ती पाठवल्यावरच ती ताळ्यावर आली. असा दिवस पुन्हा येणारच नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण ती दुसऱ्या कोणत्याही प्रणालीबाबतही देता येत नाही: व्यवसायासाठीचा फोन म्हणून ज्याचा दबदबा होता त्या ब्लॅकबेरीची सेवा ऑक्टोबर 2011 मध्ये भारतासह अनेक देशांत सलग काही दिवस कोलमडली होती, आणि पुढे 4 जानेवारी 2022 रोजी त्याच्या जुन्या प्रणालीच्या सेवाच बंद करण्यात आल्या. विंडोज फोनचाही शेवट आपण पाहिला आहे. त्या मानाने अँड्रॉइड इतक्या कंपन्यांच्या फोनवर चालते की, एखादी कंपनी उद्या बाजारातून उठली तरी आपले अॅप दुसऱ्या कंपनीच्या फोनवर त्याच दिवशी चालू करता येते. धंद्याच्या दृष्टीने मला हा गुण इतर सगळ्या गुणांहून मोठा वाटतो.

खरी डोकेदुखी सुरक्षा अपडेटची आहे. जुलै 2015 मध्ये ‘स्टेजफ्राइट’ ही त्रुटी उघडकीस आली, ज्यात नुसत्या एका व्हिडिओ संदेशातून फोनमध्ये शिरकाव करणे शक्य होते. त्यानंतर ऑगस्टपासून गूगलने दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या द्यायला सुरुवात केली. गूगलकडून दुरुस्ती निघणे आणि ती आपल्या खिशातल्या फोनपर्यंत पोहोचणे यांच्यामध्ये फोनची कंपनी बसलेली असते, आणि स्वस्त फोनांच्या बाबतीत ती निवांत बसलेली असते. आम्ही सुरुवातीला कॅमेरा, रॅम आणि किंमत पाहून फोन घेतले. त्यांतल्या दोन फोनांच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी पॅच’ची तारीख पाहिली तेव्हा ती दहा महिने जुनी निघाली. ज्या फोनवर तेव्हा वसुलीचे पैसे येत होते, बँकेचे ओटीपी येत होते आणि चार तालुक्यांतील दुकानदारांचे नंबर होते, त्या फोनच्या बाबतीत ही हयगय परवडणारी नव्हती.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारावा की, सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार. काउंटरवरचा पोरगा बहुधा गोंधळतो, पण कंपनीच्या संकेतस्थळावर ती माहिती असते. गूगलने पिक्सेल 8 पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस 24 पासून सात वर्षांचे आश्वासन दिले आहे. हे फोन मात्र सेल्समनच्या हाती देण्याच्या किमतीचे नाहीत. मधल्या किमतीत चार वर्षांचे वचन मिळाले तरी ते आमच्या कामाला पुरते. आयफोनची या बाबतीत बरोबरी होत नाही, हे मान्य करायला हवे: 2013 साली आलेल्या आयफोन 5 एस ला जानेवारी 2023 मध्येसुद्धा सुरक्षा दुरुस्ती मिळाली. परंतु सात सेल्समनना सात आयफोन देण्याइतके मार्जिन साबणात नाही.

फोन कामाचा की खासगी, हा वाद अँड्रॉइडने मात्र उत्तम सोडवला आहे, आणि छोट्या व्यावसायिकांना त्याची फारशी कल्पना नसते. 2014 सालच्या पाचव्या आवृत्तीपासून ‘वर्क प्रोफाइल’ची सोय आहे. एकाच फोनमध्ये कामाची अॅप वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यांच्यावर ब्रीफकेसचे छोटे चिन्ह दिसते आणि संध्याकाळी तो कप्पा एका बटनाने बंद करता येतो. माणूस नोकरी सोडून गेला तर आपण तेवढाच कप्पा पुसू शकतो. त्याच्या लेकराबाळांचे फोटो आपल्याला दिसत नाहीत आणि पुसलेही जात नाहीत. त्यासाठी कामाच्या फोनांवर दुरून नियम लावणारी व्यवस्थापनाची एखादी सेवा घ्यावी लागते. फोन पूर्णपणे आपल्या मालकीचा असेल तर नव्या किंवा रिसेट केलेल्या फोनच्या स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा बोट टेकवले की कॅमेरा उघडतो, सेवेचा क्यूआर कोड दाखवला की फोन कामाच्या नियमांसह तयार होऊ लागतो, आणि वायफाय बरे असेल तर चहा संपेपर्यंत अॅपही बसलेली असतात.

हे आम्हाला उशिरा कळले, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. एक सेल्समन काम सोडून गेला, त्याने ठेवलेला पिन कोणालाच माहीत नव्हता, म्हणून आम्ही बटणे दाबून फोन रिसेट केला. फोन सुरू झाला आणि त्याच माणसाचे गूगल खाते मागू लागला. चोराने फोन पुसून विकू नये यासाठी 2015 पासून ही तजवीज आहे आणि ती रास्तच आहे. पण आमच्याच पैशाचा फोन आम्हालाच दारातून आत घेईना. तो सेल्समन सज्जन होता, दोन दिवसांनी येऊन त्याने पासवर्ड टाकला. भांडून गेलेला असता तर फोन पेपरवेट म्हणूनच वापरावा लागला असता.

यूपीआयच्या वसुलीचे एक सांगायला हवे. यूपीआय अॅप फोनमधल्या सिमशी बांधलेले असते. फोन बिघडून सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले की एसएमएस पाठवून पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि रेंज नसलेल्या गावात ते होत नाही. म्हणून आता वसुली सेल्समनच्या फोनवर न घेता फर्मच्या छापील क्यूआर कोडवर घेतो आणि पैसे जमा झाल्याचे गोदामातून फोन करून कळवतो. शिवाय लग्नाची पत्रिका किंवा वाहनाचे चलन म्हणून व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या एपीके फायलींचा (उघडल्या की फोनमध्ये अॅप बसवणाऱ्या फायलींचा) धोका खरा आहे. प्ले स्टोअरबाहेरून अॅप बसवण्याची परवानगी व्यवस्थापनातून बंद केल्यापासून तो विषय आमच्याकडे मिटला.

राहता राहिला पाऊस. ओल्या काचेवर बोट घसरते, दहाच्या ऐवजी शंभर पेट्या टाइप होतात, आणि बामणोलीच्या रस्त्यावर छत्री एका हातात धरून फोन चालवणे कोणत्याही आवृत्तीत सोपे झालेले नाही. जून ते सप्टेंबर मेढा आणि बामणोलीच्या बीटवरच्या सेल्समनच्या पिशवीत कार्बनचे पुस्तक असतेच. मुक्कामी पोहोचून हात पुसले की ते त्या ऑर्डरी फोनमध्ये भरतात.