मोठी अलॉय, रुंद टायर आणि चाकाच्या आतल्या बाजूला दडवलेली फसवणूक

छोट्या गाडीला मोठी अलॉय आणि रुंद टायर बसवायचा विचार चालू असेल तर पैसे देण्याआधी हे वाचा. दुकानात मला जे जे कौतुकाने दाखवलं गेलं, ते सगळं चाकाच्या बाहेरच्या बाजूला होतं. जे लपवलं गेलं, ते सगळं आतल्या बाजूला होतं. हीच युक्ती कुणाच्याही बाबतीत सहज करता येते, म्हणून तपशिलात लिहिते आहे.

माझी गाडी साधी हॅचबॅक, छोट्या इंजिनाची. कंपनीकडून आलेले टायर 165/80 R14. ते झिजले होते, बदलायचेच होते. वळणावर गाडी जरा कमी झुकावी आणि ब्रेक मारल्यावर भरवसा वाटावा, एवढीच माझी अपेक्षा होती. दुकानदाराने 195/55 R16 हे माप सुचवलं, सोबत सोळा इंची अलॉय. मेसेजवर मापही लिहून पाठवलं. "ताई, काळजीच करू नका. तुमच्या गाडीच्या टॉप मॉडेलला हेच येतं. ॲव्हरेजला काही फरक पडत नाही."

यातलं माप, निदान उंचीच्या हिशेबाने, बरोबर होतं. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि तिसरा रिमचा व्यास इंचांत. 165 चे 80 टक्के म्हणजे 132. वर-खाली मिळून 264, त्यात 14 इंचांचे 355.6 मिळवले की पूर्ण चाक 619.6 मिमी. 195/55 R16 चं तसंच गणित केलं तर 620.9 येतं. जवळजवळ तेवढंच. रिम मोठी झाली तरी टायरची भिंत कमी झाल्यामुळे चाकाची एकूण उंची राखली जाते. मोठी रिम बसवायची असेल तर रीतसर पद्धत हीच.

टॉप मॉडेलचं विधान मात्र खोटं होतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर मंजूर मापं आणि हवेचा दाब छापलेला असतो. माझ्या गाडीच्या स्टिकरवर 165/80 R14 आणि वरच्या मॉडेलसाठी 185/65 R15 आहे. सोळा इंच कुठेच नाही.

आणि प्रत्यक्षात बसवले गेले 205/60 R16. बिलावर माप लिहिलंच नव्हतं. "16 इंची अलॉय व टायर सेट" एवढाच शब्दप्रयोग. या मापाचं चाक 652.4 मिमी भरतं, म्हणजे मूळ चाकापेक्षा 5.3 टक्के मोठं. ते मोठ्या, जड गाड्यांचं माप. दुकानात पडून असलेला माल माझ्या गाडीखाली सरकवला गेला. गाडी जमिनीपासून 16 मिमी उचलली गेली, आणि तेच मला वरून "खड्ड्यांत फायदा होईल" म्हणून ऐकवलं गेलं.

पहिला फरक जाणवला तो पिकअपमध्ये. चढावर दुसऱ्या गियरमध्ये सहज जाणारी गाडी पहिला मागायला लागली. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात ते जास्त अंतर कापतं, म्हणजे प्रत्येक गियर थोडा उंच केल्यासारखं होतं. त्यात रिम आणि टायर दोन्ही जड, आणि ते वजन चाकाच्या कडेला, जिथून फिरवायला सगळ्यात जास्त जोर लागतो. मोठ्या इंजिनाला हे पचतं, छोट्याला नाही. ॲव्हरेजही पडलं. त्यातला एक भाग मात्र नुसता कागदावरचा आहे हेही सांगायला हवं: मोठ्या चाकामुळे गाडी 105 किलोमीटर पळते तेव्हा मीटरवर 100 च चढतात, त्यामुळे हिशेब खऱ्यापेक्षा वाईट दिसतो. पण हाच फरक स्पीडोमीटरलाही लागू होतो आणि तिथे तो धोक्याचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक 39 नुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नसतो. म्हणूनच कंपन्या तो थोडा जास्त दाखवणारा ठेवतात. पाच टक्के मोठं चाक ती राखीव जागा खाऊन टाकतं.

मग स्टिअरिंग थरथरायला लागलं. ऐंशीच्या पुढे हातांना मुंग्या येतील इतकं. दुकानात गेले की एकच उत्तर, "बॅलन्सिंग करून देतो." बॅलन्सिंग व्हायचं, मशीनवर शून्य दिसायचं, पैसे द्यायचे, आणि मोठ्या रस्त्याला लागलं की परत तेच. मागे माणसं बसली आणि गाडी खड्ड्यात गेली की मडगार्डमधून घासल्याचा आवाज यायचा तो वेगळाच. त्यावर "नवीन टायर आहेत, सेट व्हायला वेळ लागतो" असं सांगितलं गेलं. टायर नवा असो की जुना, तो मडगार्डला घासत असेल तर कधीही "सेट" होत नाही. तो फाटतो.

शेवटी दुसऱ्या गॅरेजमध्ये चाकं उतरवली. पुढचं डावं चाक बाहेर आलं आणि हबवर, म्हणजे चाक ज्या मधल्या भागावर बसतं तिथे, एक ॲल्युमिनियमची चकती चिकटलेली दिसली, 5 मिमी जाडीची. स्पेसर. अलॉयचा ऑफसेट, म्हणजे चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसतं ते माप, माझ्या गाडीला जुळत नव्हता, त्यामुळे रुंद टायरची आतली भिंत सस्पेन्शनच्या स्ट्रटला टेकत होती. मला न सांगता चकती घालून चाक बाहेर ढकललं होतं. बाहेर ढकललं म्हणून टायर मडगार्डच्या प्लॅस्टिक लायनरला लागायला लागला, तर लायनरची कड ब्लेडने कापून टाकलेली. काप वेडावाकडा, कडेला प्लॅस्टिकचे तंतू लोंबत होते. एक खोट झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी.

त्या चकतीचा सगळ्यात गंभीर परिणाम नटांवर झाला होता. चाक 5 मिमी बाहेर आलं की नटाला तेवढे आटे कमी मिळतात. माझ्या स्टडला (नट ज्या बोल्टवर चढतो त्याला) 1.5 मिमीचे आटे आहेत, एका फेऱ्यात नट तेवढा पुढे सरकतो, म्हणजे तीन फेऱ्यांहून जास्त पकड गेली. मेकॅनिक लोकांचा साधा नियम असा की स्टडची जेवढी जाडी, तेवढ्या लांबीवर तरी नट चढला पाहिजे. 12 मिमीच्या स्टडवर 1.5 मिमीचे आटे असतील तर आठ पूर्ण फेरे. माझ्या नटांना जेमतेम पाच मिळत होते. अशा नटांवर माझी मुलं मागच्या सीटवर बसून फिरत होती. हे लिहितानाही माझा संताप होतो.

थरथरीचं कारणही तिथेच सापडलं. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना बसते. माझ्या हबचा व्यास 54.1 मिमी, रिमचं भोक 73.1. मधली फट भरायला एक रिंग असते, तिच्यामुळे चाक बरोबर मध्यावर बसतं. ती रिंग घातलीच नव्हती. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक शंकूने मध्यावर धरलं जातं, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं; गाडीवर चढवलं की ते केसभर एका बाजूला बसतं आणि धडधडतं. म्हणजे ज्या दोषाला वजनं लावून काही होणारच नव्हतं, त्यासाठी माझ्याकडून पुन्हा पुन्हा बॅलन्सिंगचे पैसे घेतले गेले.

आणि टायरची तारीख. टायरच्या भिंतीवर DOT (डॉट) या अक्षरांपासून सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: 3519 असेल तर 2019 सालचा 35वा आठवडा. हे चार आकडे बऱ्याच टायरवर एकाच भिंतीवर असतात. माझ्या टायरची नक्षी अशी की कुठलीही बाजू बाहेर ठेवता येते, आणि चारही टायर तारखेची बाजू आत ठेवून बसवले होते. उतरवल्यावर दिसलं: दोन टायर एका वर्षाचे, उरलेले दोन त्याहून कितीतरी जुने. चारही "नवीन" म्हणून विकलेले.

रुंद टायरबद्दल मला आता काय वाटतं, तेही सांगते. कोरड्या रस्त्यावर, बरोबर मापाचे आणि चांगल्या रबराचे असतील, तर वळणावर फरक पडतो. पण टायर रस्त्याला किती टेकतो हे मुख्यतः गाडीचं वजन आणि हवेचा दाब ठरवतात. रुंदी वाढली की टेकलेल्या भागाचा आकार बदलतो: आडवा जास्त, लांबीला कमी. साचलेल्या पाण्यात हे उलटतं. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि नक्षीची खोली सारखी असेल तर तो कमी वेगालाच पाण्यावर तरंगायला लागतो. हलक्या गाडीत हे लवकर होतं. रुंद म्हणजे दणकट, हाही गैरसमज आहे. 165/80 R14 वर सहसा 85 हा भार-आकडा असतो, म्हणजे एका टायरवर 515 किलो. दिसायला भारदस्त 195/50 R15 वर 82, म्हणजे 475 किलो. आकडा वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका. साध्या गाडीला जास्त पकड हवी असेल तर कंपनीने मंजूर केलेल्या मापातच चांगल्या दर्जाचा टायर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

तरीही अलॉय घ्यायचीच असेल, तर बिलावर टायरचं पूर्ण माप, भार-आकडा, रिमची रुंदी आणि ऑफसेट लिहून घ्या. हबची रिंग मिळणार का, स्पेसर लागणार का, हे आधी विचारा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून निघा. तारखेचे आकडे टायर रिमवर चढायच्या आधी वाचा. बसवून झाल्यावर रिकाम्या गाडीवर समाधान मानू नका: मागे माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, घासतं का ऐका. एक नट सोडवून परत लावताना फेरे मोजायला सांगा. जुने नट तर अजिबात सोडून येऊ नका. अलॉयच्या नटांची बैठक (रिमला टेकणारा भाग) वेगळी असू शकते आणि स्टेपनी अजून जुन्या लोखंडी रिमवर असते. माझे मूळ नट दुकानातच राहिले होते. पंक्चर झालं असतं तर स्टेपनी नीट आवळताच आली नसती.

तक्रार घेऊन जाण्याआधी पुरावा गोळा करा. मी चाकं उतरवलेली असतानाच स्पेसर, कापलेला लायनर आणि तारखांचे फोटो काढले, प्रत्येक फोटोत नंबर प्लेट किंवा चॅसी नंबर दिसेल असे, आणि गॅरेजवाल्याकडून लेखी घेतलं. कारण दुकानदाराचं पहिलं वाक्य होतं, "गाडी ठेवून जा ताई, चेक करून सांगतो." गाडी ठेवली असती तर संध्याकाळपर्यंत चकत्या गायब झाल्या असत्या. फोटो आणि 195/55 R16 लिहिलेला त्याचाच मेसेज समोर ठेवल्यावर रिमचे पैसे परत आले. टायर "वापरलेले" म्हणून घेतले नाहीत, बॅलन्सिंगचे पैसेही बुडाले. त्या दोन्हींसाठी ग्राहक आयोगात अर्ज केला आहे, मेसेज आणि फोटो त्याला जोडले आहेत.